भंडाऱ्यातला कपॅसिटर

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काका, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. वाचकांना आवडतं." गमती पुष्कळ आहेत. अडचण एवढीच, की त्यातल्या बहुतेक गमतींत हसणारे लोक दुसरे आहेत आणि त्यांच्या मधोमध उभा मी आहे.

मी सोलापुरात साखर पेठेत रेकॉर्डर दुरुस्त करतो. 'करत होतो' म्हणायला हवं, पण सकाळी शटर वर गेल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही, म्हणून अजून उघडतो. आधी टेपरेकॉर्डर होते, मग वॉकमन आले, आता तळहातावर मावणारे डिजिटल रेकॉर्डर आहेत. आमच्या भागात भजनी मंडळं, शाहीर, ओव्या म्हणणारे धनगर, तेलुगू भजनं म्हणणारे विणकर, सगळेच गातात आणि आता सगळ्यांनाच आपलं गाणं मोबाईलवर टाकायचं असतं. गाणाऱ्यांना तोटा नाही आणि विजेचा भरवसा नाही, या दोन्हींवर माझं घर चाललं.

वीज यंत्राला कशी मारते हे थोडक्यात सांगतो. यंत्रमागांच्या वस्तीत खांबावरून घरात येणाऱ्या तारांत एक न्यूट्रल नावाची तार असते. ती तुटली, की दोनशे तीस व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास घरात शिरतात. आधी दिवे लग्नघरासारखे उजळतात. घरातले म्हणतात, आज लाईट काय झकास आहे. मग फ्रीज जातो, टीव्ही जातो, आणि रेकॉर्डरही गेला असं समजून तो माझ्याकडे येतो. पण रेकॉर्डर सहसा गेलेला नसतो. गेलेला असतो चार्जर. दारात तो उभा असतो, मार तो खातो, आतलं मशीन शाबूत राहतं. मिस्त्रीचं काम एवढंच, की मशीनला आपण मारायचं नाही.

एवढंही मला नेहमी जमलंय असं नाही. आमच्या पेठेतले नरसय्या मागवाले तेलुगू भजनं रेकॉर्ड करायचे. त्यांच्या गल्लीतली न्यूट्रल तुटली आणि चार्जर गेला. मी नवा दिला. आता चार्जरच्या पिनेत बहुधा मधे अधिक आणि बाहेर उणे असतं. काही मशीनांत नेमकं उलटं असतं आणि तसं बुडाशी बारीक चित्र काढलेलं असतं. ते चित्र मी चष्मा कपाळावर ठेवून वाचलं. पीन घातली, धूर निघाला. चारशे व्होल्टला जे जमलं नव्हतं ते मी नऊ व्होल्टमध्ये करून दाखवलं. नरसय्या धुराकडे बघत म्हणाले, "मिस्त्री, लाईटनं नुसती चटणी खाल्ली होती. तुम्ही ताट साफ केलं." मी त्यांना पदरचं नवं मशीन दिलं. ते अजून भेटले की विचारतात, "चष्मा कुठाय?" मीही हसतो. तशी लाज अंगावरून वाहून जाते. दुसरी एक आहे, ती जात नाही. ती गेल्या वर्षीची. सांगोला तालुक्यात ती सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी काही गुपित फोडतोय असं समजू नका.

त्यासाठी माझ्या टेबलाच्या खणाबद्दल सांगावं लागेल.

दुरुस्तीच्या धंद्यात एक रीत आहे. बदललेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा. जळका, फुगलेला, काळा पडलेला. गिऱ्हाईक तो हातात घेतं, हुंगतं, बायकोला दाखवतं, आणि त्याला वाटतं, खरंच काहीतरी झालं होतं बुवा. पण अर्ध्या वेळा काही झालेलंच नसतं. कुठं एक टाका सुटलेला, कुठं सेलच्या स्प्रिंगला गंज. पुसलं, की मशीन चालू. "नुसतं पुसलं" म्हटलं, की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. आपण मूर्ख ठरलो असं त्याला वाटतं आणि मग मिस्त्री चोर आहे असंही वाटतं. म्हणून मी एका खणात जळके भाग साठवले होते. ज्याला जसं शोभेल तसं काढून द्यायचं. माझी बायको मंदा दुपारी दुकानात येऊन बसते. ती त्या खणाला मसणवटा म्हणायची. मी म्हणायचो, "समाधान विकतोय." ती म्हणायची, "खोटं विकताय, आणि वर पिशवीत घालून देताय."

गेल्या वर्षी पौषात म्हाळाप्पातात्या आले. सांगोल्याच्या पलीकडच्या एका गावातले, ओव्यांच्या मंडळाचे म्होरके. खांद्यावर घोंगडं, त्यात गुंडाळलेला रेकॉर्डर. मंडळानं वर्गणी काढून घेतलेला. बिरोबाच्या जत्रेत ओव्या चालू असताना रेकॉर्डर जनरेटरच्या बोर्डाला लावला होता. एकदा दिवे भपकन मोठे झाले, लगेच सावरले. कार्यक्रम संपला, रेकॉर्डर घोंगड्यात बांधला, सकाळी काढून बटण दाबलं तर काही नाही.

"सिद्रामच्या जनरेटरनं खाल्लं बगा," तात्या म्हणाले. "दिवं डोळ्यांत घुसलं हुतं."

सिद्राम म्हणजे त्यांच्याच गावचा मांडव आणि जनरेटरवाला. तेव्हा माझ्या लेखी ते नुसतं नाव होतं.

मी म्हटलं, ठेवून जा. खोललं. सगळं तपासलं. जिथं जेवढे व्होल्ट हवेत तिथं तेवढे. एकही भाग गरम नाही, काळा नाही. परत बंद केलं, तरी मशीन मुकं. पुन्हा खोललं. दिवस गेला. दुसऱ्या दिवशी वैतागून ते हातात फिरवत बसलो होतो, तर अंगठ्याखाली कडेचं एक छोटं बटण सरकलं आणि पडदा उजळला. हे कुलूप-बटण असतं. खिशात चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून ते सरकवलं, की मशीन कुणाचं ऐकत नाही. घोंगड्यात बांधताना ते सरकलं होतं. चार दशकं हाच धंदा करणारा माणूस दोन दिवस कुलूप लावलेल्या दाराच्या भिंती तपासत बसला होता.

आता हे तात्यांना कसं सांगायचं? त्यांचा मूर्खपणा म्हणून सांगितला तर माझाही निघतो. ते आले तेव्हा मी सुरू झालेलं मशीन पुढं ठेवलं आणि हात खणात गेला. हाताला आला एक कपॅसिटर. वीज साठवणारा एक नळकांड्यासारखा भाग असतो. हा जुन्या टीव्हीतला होता, अंगठ्यापेक्षा जाड, वरून फुटलेला. नीट बघितलं असतं तर असा भाग त्या चिमुकल्या मशीनमध्ये बसूच शकत नाही हे माझ्याच लक्षात आलं असतं. पण मी तात्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"हा गेला होता," मी म्हटलं. "विजेचा दणका."

तात्यांनी तो दोन बोटांत धरला. "म्हंजे जनरेटरच की."

"आता तेवढं मी कसं सांगू," मी म्हटलं. पण हो म्हणाल्यासारखा चेहरा केला. एवढंच केलं मी. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

उन्हाळा लागता लागता एक माणूस दुकानासमोर टेम्पो लावून उभा राहिला. टेम्पोत जनरेटर. चाळिशीचा, मान खाली घालून बोलणारा.

"मिस्त्री, मी सिद्राम. म्हाळाप्पातात्याच्या गावचा."

"ये, बस. काय झालं?"

"त्या पार्टावर चारशे लिवलंय."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. तात्यांनी तो कपॅसिटर गावात नेला, सगळ्यांनी बघितला. कुणीतरी त्यावरचं वाचलं: चारशे व्होल्ट. झालं. सिद्रामच्या जनरेटरनं चारशे सोडले, पार्टावर छापूनच आलं. वास्तविक त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की हा भाग चारशेपर्यंत सोसू शकतो. तो कारखान्यातच छापलेला असतो. पण कपॅसिटर बिरोबाच्या देवळीत भंडाऱ्यात, म्हणजे देवाच्या हळदीत, ठेवला गेला, आणि सिद्रामला सांगितलं, तुझा जनरेटर नीट होता तर देवासमोर भंडारा उचल. धनगरांत भंडारा उचलून माणूस खोटं बोलत नाही. उचलला, की भांडण मिटतं.

"मग उचलला नाहीस?"

"कसा उचलू? मला सवताला कुटं खातरी हाय? छापलंय म्हटल्यावर असंल की. खोटं निगालं तर?"

त्यानं उचलला नाही, म्हणून तो दोषी ठरला. आजूबाजूच्या गावांच्या जत्रांनी त्याला सांगून टाकलं, तुझा जनरेटर नको, आमचीही मशीनं जाळशील. आणि त्याला गावाचा राग नव्हता. तो माझ्याकडे आला होता कारण तो पार्ट मी काढला होता, म्हणजे मला कळत असणार.

"खरं सांगा मिस्त्री," तो म्हणाला. "माजं मशीन चारशे सोडतंय का? तुमी म्हणाल ते खरं."

मी जनरेटर सुरू करायला लावला. मीटर लावला. दोनशे तीस. भार टाकला, काढला. काटा जरा हलला आणि जागेवर आला. त्या रात्री दिवे भपकन मोठे झाले ते एवढ्यानंच. कुणीतरी एकदम मोठा दिवा बंद केला, की असं होतं. जनरेटर ठणठणीत होता. माणसानं त्याला लेकरासारखा ठेवला होता.

इथं तोंड उघडायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मंदा मागं बसून वाटाणे सोलत होती, ती थांबली होती. सिद्राम माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मी विचार केला तो असा: याला खरं सांगितलं तर हा गावात जाऊन सांगेल, मग तात्या येतील, मग पेठेत कळेल. त्यापेक्षा याचा जनरेटर दुरुस्त झाला असं झालं तर गावही मिटेल आणि मीही सुटेन.

"कार्डात थोडी गडबड आहे," मी म्हटलं. जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणारं एक कार्ड असतं, ते. मी ते काढलं, फुंकर मारली, परत बसवलं. आणि खणातून ट्रान्झिस्टर नावाचा एक जळका भाग त्याच्या हातावर ठेवला. "हा बदलला. आता पुढची काळजी नको."

सिद्रामनं तो रुमालात बांधला. त्याच्या चेहऱ्यावरची ती सुटका मला अजून दिसते. जाताना तो माझ्या पाया पडला.

टेम्पो गेल्यावर मंदा म्हणाली, "त्याला दोनशे तीस म्हणायला तुम्हाला काय झालं होतं?"

"अगं, आता त्याचंही काम झालं."

"तुमचं झालं," ती म्हणाली आणि वाटाणे घेऊन आत गेली.

पुढं जे झालं ते माझ्यासारख्या हुशार माणसाला सुचायला हवं होतं. सिद्रामनं गावात जाऊन जळका ट्रान्झिस्टर दाखवला आणि सांगितलं, आता माझं मशीन नीट झालंय. गाव म्हणालं, म्हणजे आधी बिघडलेलं होतं. कबूल केलंस की.

हे मला तात्यांनीच फोनवर सांगितलं, मोठ्या आनंदानं. "मिस्त्री, तुमच्यामुळं खरं भाईर आलं. सिद्राम आता जनरेटर इकतोय. अकलूजकडं गिऱ्हाईक लागलंय म्हणं. ऊसतोडीला जातो म्हणत हुता."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खण उघडून बसलो. मग मंदाला म्हटलं, मी सांगोल्याला जाऊन येतो. ती एवढंच म्हणाली, "चष्मा डोळ्यावर ठेवा."

अमावस्येला दुपारी मंडळाची माणसं देवळात जमतात. एसटीनं सांगोला, तिथून वडापच्या, म्हणजे शेअरच्या, जीपनं गाव. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. त्यातलं एकही तिथं कामाला आलं नाही. सभामंडपात पाचपंचवीस माणसं. तात्यांनी जागा करून दिली. सिद्राम खांबाला टेकून लांब बसला होता. मला बघून तो उठून उभा राहिला, नमस्कार केला.

मी म्हटलं, "तात्या, मी तुम्हाला दिलेला भाग तुमच्या मशीनमधला नव्हता. सिद्रामच्या जनरेटरनं काही जाळलेलं नाही."

मग तात्या मायेनं म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काळीज लई मऊ. सिद्राम रडला असंल तुमच्याम्होरं."

"नाही हो. मी खोटं बोललो होतो."

"कशापायी बोलाल? आमी काय तुमचं वैरी हाय?"

पुरावा मीच दिला होता, त्यामुळे आता माझ्या शब्दाला किंमत नव्हती. शेवटी मी रेकॉर्डर मागवला. पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्यांच्यासमोर मागचं झाकण काढलं. देवळीतला कपॅसिटर आणा म्हटलं. तो पिवळाधमक झाला होता, रोज भंडारा पडत होता त्याच्यावर. मी तो मशीनमध्ये ठेवला आणि वर झाकण ठेवलं. लहान टोपी मोठ्या डोक्यावर राहावी तसं ते अधांतरी राहिलं.

तात्या वाकून बघत राहिले. "पर चारशे?"

"दुधाच्या कॅनवर चाळीस लिटर लिहिलेलं असतं ना? म्हणून त्यात दूध असतंच का?"

तात्या सावकाश म्हणाले, "रिकामा कॅनबी चाळीसचाच असतोय." मग विचारलं, "मग मशीनला झालतं काय?"

मी बटण दाखवलं. सरकवलं, मशीन मुकं. परत सरकवलं, पडदा उजळला. मागून एक म्हातारा खोकल्यासारखा हसला आणि मग सगळा मंडप हसला. "दोन दिस लागलं व्हय मिस्त्री तुमाला?" कुणीतरी म्हणालं. हसण्याला मी सरावलेलो आहे. मला वाटलं, सुटलो.

तात्या हसले नाहीत. त्यांनी भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. "उचला. देवाम्होरं एकदा सांगा, म्हंजे कुणाला बोलाया जागा न्हाय ऱ्हायची."

मी मूठभर भंडारा उचलला आणि सांगितलं, की रेकॉर्डर जळला नव्हता, सिद्रामचा दोष नव्हता. तात्या उठले, सिद्रामजवळ गेले, त्याच्या कपाळाला भंडारा लावला. "चुकलं पोरा आमचं. चैतातली जत्रा तुजीच."

सिद्राम मात्र माझ्याकडे बघत होता. भंडारा अजून माझ्या मुठीत होता.

"अन् माजं कारड?" त्यानं विचारलं.

भंडारा घामानं ओला होऊन बोटांतून गळायला लागला होता.

"कार्डाला काही झालं नव्हतं," मी म्हटलं. "जनरेटर त्या दिवशी दोनशे तीसवरच होता. तुला दिलेला पार्टही खणातलाच."

तो अगदी हळू म्हणाला, "मी इचारलं हुतं तुमाला. गावानं न्हाय इचारलं. मी इचारलं हुतं."

गावाशी मी खोटं बोललो ते माझी लाज झाकायला, ते एक वेळ समजतं. पण त्या माणसानं भंडारा उचलला नाही, कारण त्याला खात्री नव्हती. माझ्याकडे खात्री होती, मीटरवर दिसत होती, आणि ती मी त्याला दिली नाही.

जेवणाच्या पंगतीत सिद्रामच वाढत होता. माझ्या पानाशी आला, भाकरी ठेवली, म्हणाला, "पोटभर जेवा मिस्त्री, लांब जायचंय." इतरांना म्हणत होता तसंच. हात पिवळाच होता माझा, धुतला तरी निघाला नव्हता. तसाच जेवलो.

परत आल्यावर खण रिकामा केला. आता "नुसतं पुसलं" असं सांगतो. काही गिऱ्हाइकं जळका पार्ट मागतात, नाही म्हटलं, की पुढच्या वेळी दुसरीकडे जातात. मंदा म्हणते, जाऊ द्या.

सिद्रामनं जनरेटर विकला नाही. जत्रा सगळ्या परत आल्या. तात्यांचा मधूनमधून फोन येतो. मंडळाच्या नव्या ओव्या ते मला पाठवतात. परवाच्या फोनमध्ये त्यांनी सहज सांगितलं, सिद्रामच्या जनरेटरचं कार्ड या खेपेला खरंच गेलं होतं, तो अक्कलकोटला जाऊन करून आला. सांगोल्याहून अक्कलकोटला जायचं म्हणजे सोलापूर ओलांडून जावं लागतं. कुठला दिवस होता तेही मी तात्यांना विचारून घेतलं. त्या दिवशी माझं शटर उघडं होतं.